पाचवे कारण

मालमोटारीखाली माणूस सापडला की आपल्याकडे दोन निकाल तत्काळ लागतात, आणि नवल असे की ते देणारी जिव्हा पुष्कळदा एकच असते. ड्रायव्हर प्यायलेला असला पाहिजे, हा पहिला. आणि गेलेल्या जीवाचे आयुष्यच तेवढे होते, हा दुसरा. पहिल्या निकालाच्या जोरावर जमाव ड्रायव्हरला खाली ओढून बडवतो आणि दुसऱ्याच्या आधाराने त्याच जमावातली माणसे तेराव्याला मृताच्या घरच्यांचे सांत्वन करून येतात. परंतु आयुष्याची दोरी जर जन्मतःच तेवढी मापून दिलेली होती, तर ज्याच्या हातून ती तुटली त्याला मारण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मधल्या दिवसांत कोणाच्या मनाला शिवत नाही.

मयूर विहारात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न निव्वळ पुस्तकी मानून बाजूस सारता येत नाही. यमुनेच्या पूर्वतीरावरील या वस्तीच्या कडेने पूर्वीचा चोवीस क्रमांकाचा आणि हल्लीचा नऊ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग निजामुद्दीन पुलावरून येऊन गाझीपूरकडे जातो, आणि गाझीपूरला भाजीची, मासळीची, कोंबड्यांची आणि फुलांची मंडई असल्यामुळे, दिवसा शहरात मज्जाव असलेल्या अवजड गाड्या रात्र चढली की या बाजूने वाहू लागतात. २७ मे २०१८ रोजी दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा येथे खुला झाला आणि त्याच दिवशी राजधानीला पूर्वेकडून वळसा घालणारा १३५ किलोमीटरचा परिघीय मार्गही सुरू झाला, त्यामुळे ज्यांना दिल्लीत काम नाही अशा गाड्या बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्या हे खरे. पण दिल्लीला जेवायचे असते, आणि म्हणून दिल्लीसाठीच येणाऱ्या गाड्यांची रांग काही आटली नाही. पौषातल्या धुक्यात गच्चीत उभे राहिले तर रस्ता दिसत नाही, नुसता त्याचा आवाज येतो.

याच रस्त्याने २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीचा हुकूम निघाल्यावर, हजारो मजूर बायकामुलांसह पूर्वेच्या दिशेने पायी निघाले होते. पुढे १६ मेच्या पहाटे उत्तर प्रदेशात औरैयाजवळ, चहासाठी रस्त्याच्या कडेला थांबलेल्या एका गाडीवर मागून आलेला ट्रक आदळला आणि मालाबरोबर बसून गावी निघालेले किमान चोवीस मजूर दगावले. चोवीस निरनिराळ्या कुळांतल्या, निरनिराळ्या नक्षत्रांवर जन्मलेल्या माणसांच्या पत्रिकांत मृत्यूची एकच घटका लिहिलेली होती असे मानणे ज्याला शक्य असेल त्याने ते मानावे. मला मात्र असे दिसते की त्या चोवीस जणांत समान असे जे होते ते नभोमंडळात नसून भूतलावर होते, आणि ते इतकेच की मालाच्या गाडीत मालासारखे बसून जाण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

कोणतेही कर्म घडते तेव्हा ते कोण घडवतो, या प्रश्नाला भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात एक उत्तर आहे, आणि ते ज्या तत्परतेने आपण पाठ करतो तितक्याच तत्परतेने विसरतो. कर्माची कारणे पाच: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव. यापुढे गीता असे म्हणते की एवढे सारे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही कळत नाही. हा इशारा अहंकारी माणसासाठी आहे, असे आपण धरून चालतो. परंतु जो स्वतःला नव्हे, तर दुसऱ्या कोणाला एकटाच कर्ता ठरवतो, त्याचीही समजूत तितकीच अपुरी ठरते, आणि आपली पोलीसचौकी, आपली वर्तमानपत्रे व आपण स्वतः नित्य हेच करत असतो. केंद्र सरकारच्या अहवालांत पुष्कळ वर्षे रस्त्यावरील तीन-चतुर्थांशांहून अधिक अपघात ‘चालकाची चूक’ या एकाच रकान्यात पडत आले. २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी दहांतील सात मृत्यूंच्या समोर ‘अतिवेग’ असे कारण लिहिलेले आहे. रकाना खोटा नाही. परंतु वेग कोणाचा आणि कोणासाठी, हे लिहिण्यास त्यात जागा नाही.

अधिष्ठान म्हणजे काय याविषयी भाष्यकारांत मतभेद आहे. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ शरीर असा केला आणि ज्ञानदेवही त्याच वाटेने गेले. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘स्थान’ हा अर्थ घेतला. ट्रकच्या अपघाताचा विचार करणाऱ्याला या दोहोंपैकी एक निवडण्याचे कारण नाही. स्थान म्हणावे तर रस्ता आहे: उतार संपतो न संपतो तोच गर्दीचा चौक, दुभाजकात गावकऱ्यांनी सोयीसाठी पाडलेले खिंडार, आणि कडेला मागचा दिवा न लावता उभी असलेली दुसरी गाडी, जी अंधारात केवळ अंधाराचाच अधिक दाट तुकडा वाटते. शरीर म्हणावे तर ते इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये, दोन रात्री नीट न झोपलेले, बसलेले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात असा दंडक सरकारने आता घातला. त्यापूर्वीच्या गाड्या मात्र अजून कित्येक वर्षे धावणार आहेत, आणि आठव्या किंवा दहाव्या तासाला पापणी मिटते तेव्हा तिला कोणत्या कलमाखाली दोषी धरावयाचे, हे दंडसंहिता सांगू शकत नाही.

करणांची, म्हणजे साधनांची, गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द आपण दैवाच्या जागी वापरू लागलो आहो. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, मध्य प्रदेशाच्या बाजूने आलेला एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे मृत्युमुखी पडली. ब्रेक निकामी झाले, अशी वार्ता आली. त्याच्या आदल्या वर्षी, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्या चेपल्या, तेव्हाही प्रथम हीच वार्ता आली होती. परंतु प्राथमिक तपासानंतर असे सांगण्यात आले की ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केले होते. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि ती हवा इंजिन चालू असेल तरच भरली जाते. शिवाय गियरमध्ये असलेले इंजिन गाडीला आपोआप मागे ओढून धरते. इंजिन बंद केले, अथवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की सारा भार ब्रेकवर येतो, ते तापत जातात, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. मग इंजिन बंद का केले? थोडे डिझेल वाचावे म्हणून. डिझेल का वाचवावयाचे? कारण पुष्कळ ठिकाणी फेरीमागे डिझेलचा हिशेब ठरवून दिलेला असतो आणि वाचेल ते ड्रायव्हरचे, तुटेल तेही ड्रायव्हरचे. म्हणजे जे करणाच्या सदरात दिसत होते ते उकलत गेले की चेष्टेच्या सदरात जाते, आणि ती चेष्टा ज्या हिशेबवहीत होते ती वही घाटात नसते, मालकाच्या पेढीत असते.

चेष्टा म्हणजे व्यापार, हालचाली. आणि त्या एकट्या ड्रायव्हरच्या असतात असे मानण्याचे काही कारण नाही. मयूर विहारात ज्या थोड्या मराठी घरांत रविवारी पिठले होते, त्या घरांत कांदा लागतो, आणि तो कांदा नाशिक जिल्ह्यातून याच पळासनेरवरून, बिजासनचा घाट चढून, बाराशेहून अधिक किलोमीटर तोडून दिल्लीत येतो. मोटार वाहतूक कामगारांसंबंधीचा १९६१ चा, २०२५ पर्यंत अंमलात असलेला, कायदा असे सांगत होता की ड्रायव्हरने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम करू नये, आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावी. तासाला सरासरी चाळीस किलोमीटर धरले तर निव्वळ चाकावरचे तीस तास होतात. म्हणजे एकट्या ड्रायव्हरने हे तास पाळले तर कांदा चौथ्या दिवशी पोचेल. बाजाराला एवढा धीर नसतो. गोणीत उष्णता धरलेला माल कोंबाळू लागतो, अडत्याला लिलाव गाठावयाचा असतो, ट्रान्सपोर्टवाल्याला परतीचे भाडे हवे असते, आणि मला माझ्या दारावरच्या हातगाडीवर तो कालच्याच भावाने हवा असतो. २०१८ साली सरकारने गाड्यांच्या भाराची कायदेशीर मर्यादाच वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवून दिली. १ सप्टेंबर २०१९ पासून तिच्यावरच्या भाराला वीस हजार रुपये आणि दर जादा टनाला दोन हजार असा दंडही बसवला. दंड आणि मुभा यांच्यामध्ये नाक्यावरची जी तिसरी व्यवस्था असते तिच्याविषयी वाचकांस मी काही नवे सांगावे असे नाही. जड गाडीला थांबावयास अधिक अंतर लागते, एवढीच गोष्ट या सर्व व्यवहारात कोणाशी तडजोड करीत नाही.

आता दैव. येथे एक मौज आहे. आचार्यांच्या भाष्यात पाचवे कारण म्हणून ज्याचा निर्देश आहे ते ललाटीचा लेख नव्हे. इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, नेत्राचा आदित्य इत्यादी, असा तेथे अर्थ आहे. म्हणजे पहाटेच्या तीन वाजता, धुक्यात, जेव्हा डोळ्यावर अनुग्रह करणारा आदित्य क्षितिजाखाली असतो, तेव्हा पाचवे कारण प्रतिकूल आहे हे प्राचीन भाष्यकार जितक्या सरळपणे सांगेल तितक्याच सरळपणे एखादा रस्त्यांचा इंजिनिअरही सांगेल. ड्रायव्हर लोकांना हे पाचवे कारण आपल्याहून अधिक ठाऊक असते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात, इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराचे देऊळ आहे, तेथे नाणे टाकल्यावाचून कित्येक गाड्या पुढे जात नाहीत. खंडेनवमीला गाडीला झेंडूचे तोरण चढते. बंपरला लिंबू-मिरची लोंबते. या गोष्टींना हसणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याच्या चार कारणांपैकी रस्ता सरकारचा, गाडी मालकाची, वेळापत्रक अडत्याचे, आणि स्वतःचे म्हणून केवळ एक थकलेले शरीर, त्याने पाचव्याची मनधरणी करावी यात अंधश्रद्धा कमी आणि व्यवहार अधिक आहे. हसू येते ते मालकाचे, जो लिंबू दर शनिवारी बदलतो आणि ब्रेकचे लायनर पासिंगच्या आदल्या दिवशी.

या विवेचनावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो घेतला जावा. कर्तृत्व असे पाच ठिकाणी वाटून दिले तर दोष राहिला कोणाचा? सरकार म्हणेल रस्ता ठीक आहे, गाडी नादुरुस्त होती. मालक म्हणेल पासिंग झालेले होते. अडत्या म्हणेल मी कोठे वेग वाढवावयास सांगितले. आणि प्रत्येकाच्या जबाबात सत्याचा एकेक अंश असल्यामुळे पंचनाम्याचा कागद भरत जाईल आणि मेलेला माणूस कोणाच्याच खात्यावर चढणार नाही. गीतेतील तो पुढचा श्लोक, ज्यात अहंभाव गळालेला मनुष्य मारूनही मारत नाही असे म्हटले आहे, तो अशा वेळी अयोग्य माणसांच्या मुखी फार लवकर येतो. ट्रान्सपोर्ट कंपनीचा अहंभाव गळाला असल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या आक्षेपाचे उत्तर मला गीतेत सापडले नाही. ते धर्मसूत्रांत सापडले. आपस्तंब म्हणतो की करवणारा, अनुमती देणारा आणि करणारा हे तिघेही स्वर्गनरकरूपी फळाचे वाटेकरी होत, आणि त्यांच्यात ज्याचा पुढाकार अधिक त्याला फळही विशेष. वाटल्याने दोष नाहीसा होत नाही आणि समसमानही वाटला जात नाही; ज्याच्या हातात अधिक, त्याच्या माथी अधिक. मनुस्मृतीत मांसाच्या प्रकरणी तर मारणाऱ्याबरोबर संमती देणारा, विकत घेणारा, विकणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना घातक म्हटले आहे, आणि आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचे एक संपूर्ण प्रकरणच आहे, जे वाचून विसाव्या शतकातला मोटार कायदा तयार करणारा मनुष्य चकित झाला असता. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, दोर तुटले, किंवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही. परंतु सारथ्याच्या अडाणीपणामुळे गाडी भरकटली तर दंड मालकाला, दोनशे पण. सारथी जाणता असेल तर त्याला. आणि तो अडाणी असूनही जे गाडीत बसले त्यांनाही प्रत्येकी शंभर. ज्या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, आणि योग्य कारणासाठी झाली, त्याचा आधार घ्यावा म्हणून मी हे सांगत नाही. माणसामाणसांत इतका भेद करणाऱ्या त्या व्यवस्थेलाही हाकणारा आणि मालक यांच्यातला भेद दिसत होता आणि अडाणी माणूस जुंपल्याबद्दल मालकास धरावे असे वाटत होते, एवढेच मला दाखवावयाचे आहे. आपल्या रकान्याला तेवढेही वाटत नाही.

आपल्या न्यायालयांना मात्र वाटले. मुंबईतील एका लॉरीच्या अपघातात मालकाने यांत्रिक बिघाडाची कैफियत मांडली होती, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९७७ साली न्यायालयाने असे ठरवले की बिघाड झाला एवढे म्हणून मालकाची सुटका नाही. दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो उघडकीस आला नसता, हे त्याने स्वतः शाबीत केले पाहिजे. मनूने तुटलेल्या आसाला जी सरसकट माफी दिली होती ती येथे काढून घेतली गेली. परंतु विमा आहे, आणि मालकाच्या वाट्याचा दंड विमा कंपनी भरते. ही गोष्ट मृताच्या वारसांच्या दृष्टीने निःसंशय चांगली, धर्माच्या दृष्टीने मात्र संदिग्ध, कारण आपस्तंबाच्या विशेष फळाचा हप्ता वर्षातून एकदा भरून टाकता येतो असे त्यामुळे मालकास वाटू लागले.

ड्रायव्हरच्या वाट्याला असा हप्ता नाही. नव्या न्यायसंहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, माणूस मारून न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. त्यावर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै रोजी संहिता अंमलात आली तेव्हा हे पोटकलम तहकूब ठेवण्यात आले. ड्रायव्हर पळतात हे गैरच आहे. जखमी माणसाचा पहिला तास त्या पळण्यात जातो. परंतु त्यांचे म्हणणे असे होते की थांबलो तर जमाव आम्हाला जिवंत ठेवणार नाही, आणि ज्यांनी असा जमाव पाहिला आहे त्यांना ते खोटे म्हणता येणार नाही. सर्व पाच कारणांची शिक्षा एकाला, तीही जागच्या जागी, देण्यास आपण जोवर सिद्ध आहो, तोवर त्याने तेथे थांबावे ही अपेक्षा धर्माची असली तरी शहाणपणाची नाही.

उरतो तो प्रसंग, ज्यात चारही कारणे निर्दोष असतात. रस्ता नीट, गाडी तपासलेली, ड्रायव्हर झोप घेतलेला, वेग बेताचा, आणि दोन उभ्या मोटारींच्या फटीतून एक मूल धावत चाकाखाली येते. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्ववेत्त्याने नेमके हेच उदाहरण घेतले होते: काहीही चूक नसताना ज्याच्या लॉरीखाली मूल सापडले असा ड्रायव्हर. त्याला जे वाटते ते पाहणाऱ्याला वाटणाऱ्या दुःखाहून निराळे असते, लोक त्याची समजूत काढतात हे योग्यच, पण तो जर लगेच समजून गेला तर त्या लोकांनाच तो विचित्र वाटेल, असे विल्यम्सचे निरीक्षण आहे. त्याच्याबरोबर त्याच विषयावर लिहिताना टॉमस नेगेल याने दुसरा ड्रायव्हर उभा केला, ज्याने ब्रेक तपासण्यात किंचित हयगय केली होती. मूल आडवे आले नसते तर त्या हयगयीची त्याला आठवणही राहिली नसती. मयूर विहाराच्या रस्त्यावरून रोज रात्री हा दुसरा ड्रायव्हर शेकड्यांनी जातो आणि त्यातला बहुतेक प्रत्येक जण सुखरूप घरी पोचतो. तो निर्दोष आहे म्हणून नव्हे, कोणी आडवे आले नाही म्हणून. येथे मात्र दैव आपल्या खऱ्या जागी, पाचव्या जागी, आलेले दिसते.

विल्यम्सच्या त्या पहिल्या ड्रायव्हरपुरते आपले जुने शास्त्र मला नव्या कायद्याहून अधिक जाणते वाटते. स्मृतिकारांनी न जाणता घडलेल्या हत्येलाही प्रायश्चित्त सांगितले, जाणूनबुजून केलेल्याहून सौम्य, परंतु सांगितले. व्रत, उपास, दान, असे काही करावयाचे, आणि ते केल्यावर माणूस पुन्हा चारचौघांत बसावयाचा. त्या विधींतील कितीतरी भाग आज आपल्याला पटणार नाही, आणि तो ज्यांच्या हाती होता त्यांनी त्याचे काय केले हेही ठाऊक आहे. तथापि निरपराध असूनही ज्याच्या हातून जीव गेला त्याला काही करावेसे वाटते, आणि ते करण्याची वाट समाजाने दाखवावी लागते, ही जाण त्यात होती. आज त्याला दोहोंपैकी एकच मिळते, शिक्षा किंवा निर्दोष सुटका, आणि दोहोंतही त्याने स्वतः करावयाचे असे काही नसते. मृताच्या घरी जावे तर वकील मनाई करतो, कारण ते कबुलीसारखे दिसेल. त्याला जामीन मिळतो, तपासणी होऊन गाडी हमीपत्रावर सुटते, आणि पुढचे भाडे भरले की तो पुन्हा तिच्यावरच चढतो, कारण दुसरे काम त्याला येत नाही आणि मालकालाही दुसरा ड्रायव्हर मिळालेला नसतो.